मक्याचा वास

३ मार्च, सोमवार

मेरेपेका आली. पाहुणी म्हणून नाही, सिडनीचं बिऱ्हाड मोडून, खोकी घेऊन कायमची आली. माझी सख्खी धाकटी बहीण, आणि मला आधी दिसले ते तिचे दात. सगळे जागच्या जागी, पांढरे, ओळीत. साठी उलटली तरी बाईने एक दात गमावलेला नाही. दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून जन्म काढला, दुसऱ्यांची तोंडं उघडून स्वतःचं राखलं.

मराएच्या, म्हणजे आमच्या माओरी वस्तीच्या सभाघराच्या आणि त्याच्या अंगणाच्या, फाटकाबाहेर ती रीतीप्रमाणे परक्यासारखी उभी राहिली आणि अंगणातून मी तिला सुरात स्वागताची हाक घातली. मुद्दाम लांबवली. आईनंतर ही हाक माझी आहे, आणि थोरली हयात असताना धाकटीने तिच्या परवानगीशिवाय या अंगणात सूर काढायचा नसतो, हे तिकडे राहून ती विसरली असेल तर आठवावं म्हणून.

मग होंगी झाली. नाकाला नाक, कपाळाला कपाळ, एक श्वास दोघींत वाटून घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. ही बया बाजूलाच होईना. डोळे मिटून खोल श्वास घेतला, मग आणखी एक घेतला. मग माझे खांदे धरून म्हणाली, ''ताई, तू बरी आहेस ना गं?'' आल्या आल्या चारचौघांत मला आजारी ठरवून मोकळी! लहानपणापासूनच नाटकी.

आणि एक. तिच्या जवळ गेल्यावर वास आला. कुजकट. एवढे पांढरे दात आणि मागे हे असं. मी बाहेर बोलणार नाही, इथे लिहिते.

खरं तर ही दैनंदिनी मेरेपेकासाठी काढलेली नाही. ईस्टरच्या शनिवारी आमचं नवं जेवणघर उघडायचं आहे, खाडीच्या दोन्ही काठांवरून माणसं येतील, आणि त्यांना हाक मी घालणार. तोवर घसा सांभाळायचा, काय बाधलं, काय मानवलं ते रोज टिपायचं, एवढाच हेतू. आज घसा बरा.

४ मार्च, मंगळवार

भेटी वाटल्या. हाकोपाला लोकरीची टोपी. (तो आमचा चुलतभाऊ आणि मराएचा कारभारी. टोपी घालून आरशात पाहत बसला, म्हातारा.) त्याच्या बायकोला, तिरिपाला, शाल. आणि मला काय? दात घासायचा मऊ ब्रश, जीभ खरवडायची पट्टी आणि दातांच्या फटीत घालायच्या दोऱ्याचं रीळ.

''ताई, हे रोज वापर हं,'' म्हणाली.

''मी आजवर काय मातीने घासत होते?'' म्हटलं. तिरिपा तोंडावर शाल धरून हसली.

घसा बरा. रात्री तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते. रक्तदाबाची नवी गोळी लागू झाल्यापासून असं आहे. नाताळात उजवी वरची दाढ ठणकत होती, त्यावर कावाकावाच्या रानझुडपाचं पान चघळत राहिले आणि ठणका पार गेला. आता त्या दाढेला थंड लागत नाही, गरम लागत नाही, काहीच लागत नाही. आईचं औषध ते! सिडनीच्या दोऱ्याची मला गरज नाही.

८ मार्च, शनिवार

आज शाळेची माणसं आली होती. मी हाक घातली, चांगली झाली, जरा नाकात वाजली. पण नंतर होंगीच्या रांगेत जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

रांगेत मी, माझ्या शेजारी मेरेपेका. एकेक माणूस पुढे येतो, माझ्या नाकाला नाक लावतो न लावतो तोच चिमणीने दाणा टिपावा तसा निघतो, आणि तिच्यापाशी जाऊन थांबतो. थांबतो म्हणजे थांबतोच! तिच्याशी दोन शब्द बोलतो, हसतो, तिचा हात हातात घेतो. ती आली त्याला आठवडासुद्धा झाला नाही आणि मी जन्मभर इथली.  मत्सर म्हणायचं तर म्हणा, माझी ना नाही.

त्यात हाकोपाला विनोद सुचला. ''पिरी, आज पण मका हाणलास वाटतं!'' सगळे हसले. मीही हसले, कारण माझ्या मक्याचं मला भूषण आहे. कणसं पोत्यात भरून ओढ्यात बुडवायची, पार कुजू द्यायची आणि मग शिजवून साय-साखरेबरोबर खायची, हे आईनंतर या काठावर फक्त मी करते. वास येतोच. तो लपवायचा कशाला? नव्या जेवणघराच्या पहिल्या पंगतीसाठी यंदाची पोती फेब्रुवारीतच बुडवली आहेत.

शाळेच्या हेडमास्तरच्या तोंडालाही वास येत होता. लोकांना काय झालंय कोण जाणे.

११ मार्च, मंगळवार

मेरेपेका सकाळी चहाला आली आणि पोलिसासारखे प्रश्न विचारत बसली. रात्री तोंड उघडं ठेवून झोपतेस का? नाक गळतं का? कुठल्या बाजूचं? खाली वाकलीस की गाल जड होतो का? खारट चव येते का?

आता उजवी नाकपुडी गळते, बटाटे काढायला वाकले की उजवा गाल धोंड्यासारखा होतो आणि घशात खारट उतरतं, हे सगळं खरं आहे. पण मी सांगितलं नाही. एकदा का मी दुखणेकरी ठरले की अंगणात कोण उभं राहणार, ते न कळायला मी दूधखुळी नाही.

''माझं तोंड माझ्यापाशी राहू दे,'' म्हटलं. ''तू तुझं बघ.''

''माझं मी बघते गं, ताई.''

''वाटत नाही तसं!'' मी म्हटलं. तिला कळलं नसावं. मान खाली घालून बिस्कीट बुडवत बसली.

१६ मार्च, रविवार

माझा संशय खरा निघाला. जेवणघराच्या मागे लाकडं रचून ठेवली आहेत, तिथे मी ढलप्या गोळा करत होते, आणि पलीकडे हाकोपा आणि मेरेपेका बोलत होते. शब्द न् शब्द ऐकला.

तो म्हणाला, ''अगं, तिला कुणीतरी सांगायला हवं. ईस्टरच्या आत.''

ती म्हणाली, ''तुम्ही सांगा ना, दादा. कारभारी आहात.''

''मी? माझी मान मोडून ओढ्यात पोत्याबरोबर बुडवेल ती! बहिणीने सांगावं.''

''मी धाकटी आहे. माझ्या तोंडून निघालं तर ती जन्मात बोलणार नाही माझ्याशी.''

''पण असं किती दिवस चालायचं? लोक कुजबुजायला लागलेत.''

म्हणजे ठरलंच आहे. मला अंगणातून उठवायचं, एवढंच. आणि वाईट बातमी कोणी द्यायची यावर दोघं एकमेकांना ढकलताहेत. ढलप्या तिथेच टाकून आले. रात्री जेवले नाही.

१९ मार्च, बुधवार

विचार केला. मला उठवायला निघालेत ना? मीच आधी तिची फजिती करते. ती आल्यापासून बघते आहे, तिच्या तोंडाचा वास दिवसेंदिवस वाढतो आहे. परवा होंगी करताना मला मळमळलं. आणि तिचा एकटीचाच नाही. तिरिपाचा, हाकोपाचा, चर्चमधल्या पाद्र्याचासुद्धा. काल आरशासमोर उभी होते तरी मला तो आला, म्हणजे बघा, किती नाकात बसला असेल! हिने येताना सिडनीची काही साथ तर आणली नाही?

एवढे पाहुणे येणार, प्रत्येकाशी होंगी होणार आणि आमच्या लोकांची तोंडं अशी. यजमानांची अब्रू आहे का नाही काही?

२३ मार्च, रविवार

प्रार्थनेनंतर सभा होती. खुर्च्या किती, डुकरं किती, सगळं झाल्यावर मी उठले. आवाज खणखणीत लागला.

म्हटलं, ''एक विषय कुणी काढत नाही, तो मी काढते. आपल्यातल्या काहींच्या तोंडाला घाण वास येतो.''

 तिरिपाच्या हातातला चमचा पडला. हाकोपाने नवी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपीकडेच बघत राहिला.

''नाव घेणार नाही,'' मी म्हटलं आणि सरळ मेरेपेकाकडे पाहिलं. ''ज्याचं त्याला कळतं. पण होंगीत आपण पाहुण्याला श्वास देतो. तो नासका द्यायचा का? आपल्यात एक बाई दाताच्या डॉक्टरकडची आहे. पुढच्या शनिवारी तिने सगळ्यांना समजावून सांगावं, वास कशाने येतो ते. म्हणजे कुणाला वेगळं सांगायला नको.''

वाटलं होतं, तिचा चेहरा पडेल. पण ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला काही बक्षीस दिलं. डोळ्यांत पाणी! हाकोपा तर उठून माझ्याजवळ आला आणि (हातभर अंतर ठेवून) म्हणाला, ''पिरी, हे तूच काढलंस. फार मोठं मन लागतं गं याला.''

सगळे मान डोलावत होते. माझा शब्द अजून चालतो म्हणायचा.

२९ मार्च, शनिवार

व्याख्यान झालं. झाडून सगळे आले होते, म्हातारा एनोका काठी टेकत आला, त्याच्या तोंडात तर एकही दात नाही. आणि जागा सगळ्यांनी मला पहिल्या रांगेत मधोमध दिली. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. असा मान मला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

मेरेपेकाला बोलता येतं, हे मान्य करावं लागेल. म्हणाली, जिभेवर मागच्या बाजूला पांढरी साय धरते, बहुतेकांचा वास तिथला. दातांच्या फटीत अन्न अडकतं, हिरड्या सुजतात, रक्त येतं, तिथला. काहींची थुंकी कमी पडते, गोळ्यांमुळे किंवा तोंड उघडं टाकून झोपल्यामुळे, आणि तोंड धुवायला थुंकीच नसली की ते नासतं. एनोकाकडे बघून म्हणाली, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. एनोका म्हणाला, ''मी ती दिवसासुद्धा पाण्यातच ठेवतो, पोरी!'' सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

मग माझ्याकडे पाहत म्हणाली, ''कांदा, मासे, आपला कुजवलेला मका, याचा वास खरा, पण तो दुसऱ्या दिवशी जातो. जो वास महिनोन् महिने जात नाही, त्याचं खापर मक्यावर फोडू नका. कधी कधी वरची दाढ आतल्या आत मरते. दुखायची थांबते म्हणून माणूस खूश होतो. पण मूळ कुजतं आणि ती घाण गालातल्या पोकळीत, नाकात उतरते, एकाच बाजूला.''

तिरिपाने विचारलं, ''पण माणसाला स्वतःला कळत नाही का गं?''

''तोंडातला असला तर सहसा कळत नाही. आणि असा नाकातून आला तर त्या माणसाला वाटतं, समोरच्यालाच वास येतोय. जिकडे जाईल तिकडे येतो. सगळं जगच नासल्यासारखं वाटतं बिचाऱ्याला.''

 सगळे माझ्याकडे बघत होते, बहुधा मी अध्यक्ष म्हणून. मी उठून आभार मानले आणि म्हटलं, ''ज्याला लागू असेल त्याने मनावर घ्यावं.'' कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला लागलं असावं. ते सगळं तिचंच वर्णन, हे सांगताना तिला कळलं असेल का?

५ एप्रिल, शनिवार

शेवटी हाकोपा आलाच. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, ''पिरी, दगदग होते तुला. यंदा मेरेपेकाला हाक घालू दे. तू खुर्चीवर बस, राणीसारखी.''

''राणी झाले की मुकी झाले?''

''तसं नाही गं. हाक घातली की रांगेतही उभं राहावं लागतं, आणि...''

''आणि काय?''

 तो दोन पावलं मागे गेला आणि मगच त्याने श्वास घेतला. म्हणाला, ''तू जरा मका सोडून बघ ना थोडे दिवस.''

''माझ्या आईच्या मक्याला नावं ठेवायची नाहीत,'' म्हटलं. ''आणि तिला सांग, मी आहे तोवर परवानगी मिळणार नाही. मेल्यावर घे म्हणावं!''

दार आपटलं. मग वाईट वाटलं. वाईट वाटलं ते दाराचं, त्याचं नाही. नवं बसवलं होतं.

९ एप्रिल, बुधवार

आज मी तिला ऐकलं.

ओढ्यावर पोती बघायला गेले होते. ती पलीकडे पाण्यात पाय सोडून बसली होती आणि पुटपुटल्यासारखं, स्वतःशीच म्हणत होती. हाक नव्हे, हाकेची नुसती चाल. मला पाहिलं नाही तिने.

तो आईचा आवाज आहे. मी इतकी वर्षं घासून घासून आईसारखा काढायला बघते, तो हिच्या गळ्यात असाच पडून आहे, न मागता. माझा तर हल्ली बादलीत बोलल्यासारखा येतो.  तिचा हेवा वाटला, असं लिहिलं तर ते फार साधं होईल. मला वाटलं, ती आलीच नसती तर बरं झालं असतं. सख्ख्या बहिणीबद्दल मला असं वाटलं. ते इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार?

तिने हाक घातली की मग माझं इथे काय उरलं? मक्याचं पोतं.

१४ एप्रिल, सोमवार

पोती काढायचा दिवस. ओढायला दोघी लागतात आणि तिरिपाची कंबर धरलेली, म्हणून मेरेपेका आली. पोतं काठाला घेताना मी वाकले आणि उजव्या गालात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. नाकातून काहीतरी पिवळं टपटपलं. मी पाण्यात बसलेच.

तिने मला वर घेतलं, पोतं वर घेतलं, तोंड सोडलं आणि दोन्ही मुठी भरून कणसं काढली. त्या वासाने लोक वाट बदलतात. हिने त्यात तोंड खुपसलं आणि हुंगत राहिली.

''हा वास आईचा आहे,'' ती म्हणाली. ''ताई, हा स्वच्छ आहे गं. हा मका आहे. तुझा हा नाही.''

''माझा काय?''

''तुझ्या तोंडाचा. मी आले त्या दिवशीच कळलं. सगळे मक्यावर ढकलतात, म्हणून कुणी तुला डॉक्टरकडे जा म्हणत नाही. मी आयुष्यभर लोकांची तोंडं हुंगली आहेत. तुझी दाढ मेली आहे. व्याख्यान सगळं तुझ्यासाठी होतं.''

मी तिला ओलं कणीस फेकून मारलं. खांद्यावर लागलं. ''माझी जागा हवी तर सरळ माग,'' म्हटलं. ''मला नासकी ठरवून घेऊ नकोस!''

ती रडायला लागली पण हलली नाही. म्हणाली, ''जागा तुझी आहे. मला ताई हवी आहे.''

एकटीच पोतं ओढत घरी आले. खोटारडी. वास तिचाच आहे. तिचाच असायला हवा.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी कणसं धुतली, दाणे काढले, शिजत लावले. मग सरळ हाकोपाच्या घरी गेले. तो न्याहारी करत होता.

म्हटलं, ''ऊठ. होंगी कर.''

''आत्ता? का गं?''

 मी त्याची मान दोन्ही हातांनी धरली, नाकाला नाक लावलं आणि सोडलंच नाही. वाट पाहिली. त्याची छाती हलेना. त्याचं कपाळ लाल झालं, मग कान लाल झाले. तिरिपा किंचाळली, ''सोड, मरेल तो!'' सोडलं तेव्हा पाण्यातून वर आल्यासारखा धापा टाकत होता.

''श्वास का धरला होतास?'' मी विचारलं.

तो खुर्चीत बसला.  मग म्हणाला, ''पिरी, नाताळापासून सगळेच धरतात गं. तू एवढी मक्याची हौशी, म्हटलं असेल त्याचाच. आणि तुला तोंडावर सांगायची कुणाची छाती?''

परत येताना रस्त्यात शेजारीण भेटली, तिच्याशी बोललेसुद्धा नाही. ज्यांना ज्यांना मी नाक लावलं ते सगळे डोळ्यांपुढे आले. शाळेची माणसं, पाद्री, एनोका. सगळ्यांनी मला नाक दिलं आणि श्वास स्वतःपाशी ठेवला. आणि मी समजत होते, माझा मान कमी झाला आणि तिचा वाढला.

फक्त एकीने श्वास घेतला होता. डोळे मिटून, खोल, आणि आणखी एकदा. मी त्याला नाटक म्हटलं होतं. वर लिहिलेलंच आहे.

मेरेपेकाच्या दाराशी गेले. तिने दार उघडलं. मी म्हटलं, ''गाडी काढ.'' एवढंच म्हणता आलं. ती आतून फोन करून आली, तिच्या ओळखीने परवाची वेळ मिळाली.

१७ एप्रिल, गुरुवार

फेरीबोटीने खाडीपलीकडे गेलो. दाताची डॉक्टरीण अगदी पोरसवदा, पण हात हलका. फोटो काढून दाखवला. दाढेच्या मुळाशी काळं आणि वर गालाच्या पोकळीत धुकं धरल्यासारखं. दाढ नाताळातच मेली होती. माझ्या पानाने बरी झाली नव्हती, नुसती गप्प झाली होती.

म्हणाली, ''आजी, ताप नाही, सूज नाही. गोळ्या देते, सुट्टी संपल्यावर मंगळवारी काढू. किंवा आजच काढू. पण तिचं मूळ पोकळीत शिरलंय. काढली की वर भोक राहील, टाके घालीन. मग दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, गायचं नाही, मोठ्याने ओरडायचं नाही.''

''हाक?''

''शिट्टीसुद्धा नाही.''

मेरेपेका घाईने म्हणाली, ''ताई, मंगळवारी काढू या. शनिवारी तू हाक घाल. मी कुणालाही काही बोलणार नाही, आईशप्पथ.''

मी डॉक्टरणीला विचारलं, ''आणि तोवर वास?''

''गोळ्यांनी थोडा कमी होईल. दाढ आहे तोवर जाणार नाही.''

मी छताकडे बघत पडून राहिले. हाक घातली असती. लोक आले असते, माझ्या हाकेने आले असते, आणि रांगेत माझ्यापुढे येऊन एकेकाने छाती धरून ठेवली असती. आता मला ते कळलं असतं. एकेकाचं.

''आज काढ,'' म्हटलं आणि त्याच क्षणी पस्तावले. पण तोवर तिने सुई टोचली होती.

दाढ निघाली तेव्हा खोलीभर तो वास सुटला. डॉक्टरीण दचकली नाही, पण मी ओळखला. मेरेपेकाचा म्हणत होते तोच. मी बहिणीकडे पाहिलं. तिने माझा हात धरलेला होता आणि ती नेहमीसारखा श्वास घेत होती.

१९ एप्रिल, शनिवार

गाल सुजलाय. थोडक्यात लिहिते.

पाहुणे फाटकाशी जमले, खूप माणसं होती. अंगणात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेरेपेका माझ्या मागे उभी होती, काळ्या कपड्यांत, ओठ घट्ट मिटून. मी सांगितलं नसतं तर ती उभीच राहिली असती आणि आमचं अंगण मुकं राहिलं असतं, एवढी ती हट्टी आहे.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांदेखत तिला पुढे केलं. ''घाल,'' म्हटलं, दात न उघडता. ''माझी परवानगी आहे. टाके सुटेपर्यंत.''

तिने घातली. ती माझ्यापेक्षा चांगली घालते. हे लिहायला मला सकाळपासून आतापर्यंत वेळ लागला. म्हातारा एनोका रडला. मला वाटलं, तिचा सूर चुकावा, एकदा तरी, थोडासा. चुकला नाही. माझा हात तिच्या पाठीवरच होता आणि श्वास भरताना तिची पाठ किती रुंदावते, ते हाताला कळत होतं.

रांगेत पाहुणे माझ्यापाशी थांबले. सुजलेला गाल बघून हळूच टेकले पण थांबले, आणि मी प्रत्येकाची छाती बघत होते. हलत होती. हाकोपा मुद्दाम रांग मोडून आला, नाक लावलं आणि भात्यासारखा मोठ्याने श्वास घेतला. ''दाखवायला नको एवढं,'' म्हटलं त्याला.

सगळ्यांत शेवटी मेरेपेका आली. आज पहाटे तिने दोन वाडगे मका खाल्ला होता, साय घालून, तिरिपाने सांगितलं. मला दोन आठवडे मका वर्ज्य, दाणे भोकात जातात म्हणे. तिने नाकाला नाक लावलं. मी श्वास घेतला.

आई होती. स्वयंपाकघरातली, वाडगा हातात घेतलेली, मला जवळ ओढणारी. तिचा आवाज हिला, आणि आता वासही हिलाच. खूप जळले. पण नाक मागे घेतलं नाही, आणखी एकदा श्वास घेतला.